कोठ्यातली मारुती आणि अकरा लिटर पेट्रोल

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आई सकाळी गाईला कुटार टाकायला कोठ्यात गेली आणि टोपलं हातात तसंच घेऊन परत आली. "गाडीपाशी पेट्रोलचा वास येऊन रायला," म्हणाली. आईच्या नाकावर आमच्या घरात कुणी शंका घेत नाही. तुरीच्या पोत्यात कीड लागली की ती पोतं न सोडता सांगते.

गाडी म्हणजे बाबांची पांढरी मारुती ८००, १९९७ ची. पंधरा वर्षं झाल्यावर २०१२ मध्ये पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. २०१७ मध्ये ती मुदत संपली, त्याच साली बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गाडी कोठ्यात लागली ती लागलीच. एका अंगाला कुटाराचा ढीग, मागं पऱ्हाट्यांचे भारे, वर टिनं. आठ वर्षांत तिच्यावर कोंबड्या बसल्या, मांजरीनं मागच्या सीटवर दोनदा पिलं घातली. पण टाकीत पेट्रोल असेल, हा विचार घरातल्या एकाच्याही मनात आला नाही.

गाडीखाली टॉर्च न्यायची नाही एवढं मला कळत होतं. आईचा भिंतीवरचा आरसा काढला, कोठ्याच्या दारात धरला आणि उन्हाचा कवडसा गाडीखाली पाडला. टाकीच्या तळाला, जिथं गंज फुगून पापुद्रे सुटले होते, तिथं रुपयाएवढा ओला डाग दिसला. डागाच्या मधोमध थेंब धरत होता. मी पोटावर पडून बघत राहिलो. बऱ्याच वेळानं तो पडला, खालच्या मातीत जिरला आणि लगेच दुसरा धरायला लागला. तिथून चार हातांवर कुटार होतं.

आमचं गाव देवळी तालुक्यातलं. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा आमच्याकडची दारं-खिडक्या हादरली होती आणि आभाळ लाल झालं होतं. त्या रात्रीपासून आई आगीच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. तिनं त्याच दिवशी गाय बाहेर लिंबाखाली बांधली. कुटार दुसरीकडं टाकायला मला आणि भावाला अख्खी दुपार लागली.

गळती थांबवायला गाड्यांच्या मिस्त्रीनं फोनवरच उपाय सांगितला: कपडे धुवायच्या साबणाची वडी घ्या, थोडी ओली करून गळतीवर जोरानं घासा, साबण भोकात बसला पाहिजे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो धरून राहतो. अंगठ्यानं दाबून दाबून भरला. तासाभरानं आरसा धरून पाहिलं, थेंब थांबला होता. ही मलमपट्टी दोन-चार दिवसांची. पण तेवढ्यानं नीट विचार करायला उसंत मिळाली.

बाबांनी ओळखीच्या भंगारवाल्याला बोलावलं. माणूस चांगला, भावही बरा देत होता. पण तो येताना छोटा हत्ती घेऊन आला आणि त्यात गॅस कटर आणि दोन सिलेंडर. "इथंच दोन घंट्यात तुकडे करतो भाऊ, नेताना सोपं जाते." मी विचारलं, टाकीचं काय? तो म्हणाला, "टाकी तर रिकामीच दिसून रायली, वाजवून पाह्यली मी."

मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. मी वर्षातले चार महिने जिनिंगमध्ये कामाला असतो. तिथं कापसाला आग लागण्याची भीती कायमची, म्हणून दर हंगामात प्रशिक्षण होतं. त्या वर्षी शिकवायला आलेले निवृत्त अग्निशमन अधिकारी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकलेले होते. त्यांनी आम्हाला एकच गोष्ट तीनतीनदा घोकायला लावली होती: पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. आणि ती जळायला हवेत शंभरात दीड भागापासून साधारण साडेसात भागांपर्यंत असावी लागते. त्याहून कमी असली तर पेट घेत नाही, जास्त असली तरी घेत नाही. नव्या पेट्रोलनं भरलेल्या टाकीत वरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की तिथं जळायला हवाच पुरत नाही. धोका खरा आहे तो जवळजवळ रिकाम्या, जुन्या टाकीत. जुन्या पेट्रोलमधला हलका, लवकर उडणारा भाग निघून गेलेला असतो, बाहेरची हवा आत शिरलेली असते, आणि वाफेचं प्रमाण नेमकं त्या दीड ते साडेसातच्या मध्ये येऊन बसतं. तळाशी वाटीभर पेट्रोल आणि गंजाच्या पापुद्र्यात मुरलेला चिकटा एवढं पुरतं. कटरची ज्योत लागली की पत्रा तापतो, चिकट्यातून वाफ सुटते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते.

हे सगळं मी भंगारवाल्याला अंगणात बसून सांगितलं. चहा झाला. तो म्हणाला, "आमच्या धंद्यात दोघाचौघांचे हात-तोंड असेच गेले भाऊ, पण कोणी सांगत नाई कावून गेले." कटर न उतरवता तो परत गेला. त्याचं पेट्रोल-भाडं मी देऊ केलं, त्यानं घेतलं नाही.

मग ठरलं की गाडी सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्यायची. २०२१ च्या नियमांनी अशी केंद्रं सुरू झाली आहेत. तिथं गाडी तोडण्याआधी पेट्रोल, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, एसीचा गॅस हे सगळं वेगळं काढावंच लागतं. गाडी जमा केली की प्रमाणपत्र मिळतं आणि आरटीओच्या नोंदीतून गाडीचं नाव कायमचं जातं. आपल्या नावावरची गाडी कुठं चोरीच्या कामात वापरली जाईल ही चिंता उरत नाही. मी फोन केला तेव्हा तिथल्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला: टाकी गळते का? गळत नसेल तर हात लावू नका, आहे तशी पाठवा, आम्ही काढू. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांना मीही हेच सांगेन. टाकी शाबूत असेल तर घरी उघडायची काही गरज नाही. पण आमची गळत होती. उन्हातान्हात दोन-अडीच तासांचा रस्ता, खड्डे, आणि साबणाचा बूच. पिकअपवाला म्हणाला, गळक्या टाकीची गाडी मी नेत नाही. त्याचं बरोबरच होतं.

म्हणजे पेट्रोल काढणं भाग होतं.

बाबा लिंबाखालच्या बाजेवरून म्हणाले, "एवढा घोर कायचा? नळी लाव अन् वढ." बाबांनी आयुष्यभर तसंच केलं. फवाऱ्याच्या पंपाला पेट्रोल लागलं की गाडीच्या टाकीत नळी टाकायची, तोंडानं ओढायचं, पेट्रोल ओठापाशी आलं की नळी खाली सोडायची. आमच्या भागात निम्मी माणसं असंच काढतात. पण आमच्याच घरात काय झालं होतं ते बाबा विसरले नव्हते, फक्त बोलत नव्हते. २०१४ च्या कपाशीच्या हंगामात आमच्या सालदारानं अशीच नळी ओढली आणि एक घोट पोटात गेला. तिथं असलेल्यांनी घाईघाईनं त्याला मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावली. रात्री त्याला श्वास घेता येईना. अकरा दिवस दवाखान्यात होता. डॉक्टरांनी सांगितलं की पोटात गेलेल्या घोटापेक्षा उलटीनं जास्त घात केला. पेट्रोल इतकं पातळ असतं की उलटीबरोबर वर येताना श्वासनळीत सहज घुसतं, आणि फुफ्फुसात चमचाभर गेलं तरी तिथं सूज येऊन न्यूमोनिया होतो. असं कुणाच्या बाबतीत झालं तर उलटी करवायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. त्या अकरा दिवसांत त्याची बायको आमच्या ओसरीवर येऊन बसायची आणि काहीच बोलायची नाही. मला तिचं ते बसणं अजून आठवतं. मी बाबांना एवढंच म्हटलं, "बाबा, तोंड लावायचं नाही. या घरात आता कधीच नाही." ते गप्प झाले.

तयारीला तीन दिवस गेले. वर्ध्याच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानातून फुग्याचा हातपंप आणला: मधे रबरी फुगा, दोन्हीकडं नळ्या. फुगा दोन-चारदा दाबला की पेट्रोल चढतं आणि मग आपोआप वाहतं. दुकानदाराला मुद्दाम विचारून पेट्रोल चालेल असाच रबर घेतला. घरात रॉकेल काढायचा जुना प्लास्टिकचा पंप होता, पण त्याचा वायसर पेट्रोलमध्ये फुगतो. भरायला लोखंडी कॅन घेतले, वीस लिटरचे दोन. घरी पाण्याचे, तेलाचे प्लास्टिकचे डबे पाच-सहा पडले होते, ते घ्यावेत असं भावाचं म्हणणं. पण १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातच लिहिलं आहे की विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, आणि तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात. काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एका लिटरचं, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंतचं. प्लास्टिकचं त्यात नाव नाही. हा कायदा राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. आपल्या घरापासून दोन तासांवर देशभराचा कारभार बसतो, आणि आपल्या गावात प्रत्येक किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मिळतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

धातूच्या कॅनचं कारण कायद्यापुरतं नाही. नळीतून पेट्रोल वाहतं तेव्हा घासून वीज तयार होते, तीच जी हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट करते. हवा कोरडी असेल तेवढी ती जास्त साठते, आणि मे महिन्यातल्या आमच्या हवेइतकी कोरडी हवा कुठं असणार? ओठ फुटतात, केस उभे राहतात. प्लास्टिकच्या डब्यात ही वीज अडकून राहते आणि एका ठिणगीनं काम होतं. म्हणून लोखंडी कॅन जमिनीवर टेकवून ठेवायचा, आणि गाडीची बॉडी आणि कॅन यांना तांब्याच्या जाड वायरनं आधी जोडून घ्यायचं. मिस्त्रीनं वायरीच्या दोन्ही टोकांना चिमटे लावून दिले आणि बॉडीवरचा रंग एका जागी खरवडून लोखंड उघडं केलं, कारण रंगावर चिमटा लावून उपयोग नसतो.

जिनिंगच्या मॅनेजरसाहेबांकडून सहा किलोचं पावडरचं अग्निशामक दोन दिवसांसाठी मागून आणलं. चार बकेट कोरडी रेती भरून ठेवली. पाणी मुद्दाम लांब ठेवलं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं की आग पाण्याबरोबर अंगणभर पसरते.

गाडी कोठ्यातून बाहेर काढणं हे आणखी एक काम. चारही टायर बसलेले. ट्रॅक्टर लावू म्हटलं तर ट्रॅक्टरच्या धुराड्यातून ठिणग्या उडतात. शेवटी आमचीच बैलजोडी जुंपली, साखळी न वापरता जाड दोर लावला, आणि पाच जणांनी मागून रेटा दिला. बैलांना हे ओझं नवीन होतं, पण एकदा चाकं सुटल्यावर गाडी हळूहळू अंगणात आली. तिच्या जागी कोठ्यात चार चाकांचे चार खड्डे आणि टाकीखालचा काळा डाग राहिला. अंगणात आणल्यावर बॅटरी काढून टाकली. मिस्त्री म्हणाला ती कधीच मेली आहे. तरी काढली, आधी मायनसची तार आणि मग प्लसची, आणि हे सगळं टाकीचं झाकण उघडण्याच्या आदल्या दिवशी. झाकण उघडल्यावर बॅटरीची कुठलीही तार हलवायची नाही.

मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसला जातो. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशाच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी सुटते, म्हणजे आपल्याकडं ती नेहमीच तयार असते. थंड वेळ निवडली की ती फक्त थोडी कमी होते, एवढंच. तरी तेवढं कमी हवंच होतं. आम्ही पहाट निवडली, पण दिवा, टॉर्च लागणार नाही इतपत उजाडल्यावरची. आईनं नेहमीसारखा सडा टाकला, त्या दिवशी जरा जास्तच टाकला. जमीन ओली असली की ती विजेला वाट देते, हे मी तिला सांगितल्यावर तिनं गाडीच्या चारही बाजूंनी पुन्हा एक बादली शिंपडली. सगळ्यांचे मोबाईल आत माजघरात. अंगात सुती कपडे. टेरिकॉटचा शर्ट घालून आलेल्या भावाला आईनं परत पाठवलं.

झाकणाची किल्ली बाबांनी स्वतः आणून दिली. आठ वर्षं ती त्यांच्या ट्रंकेत होती. मी आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावला, मग किल्ली फिरवली. झाकण एका वळणावर थांबवलं. आतून लांबलचक फुस्स आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा, आणि थांबेचना. मिस्त्री म्हणाला, हात तसाच ठेवा. पुरतं मोकळं व्हायला मिनीट-दीड मिनीट गेलं. टाकीला हवा घ्यायची एक बारीक नळी असते, ती वर बघितली तर तिच्या तोंडात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलेलं. गुळगुळीत, जणू कुणी लिंपून बूच बसवलं आहे. म्हणजे कित्येक उन्हाळे ती टाकी आतल्या आत फुगत होती, आणि तळाचा गंजका पत्रा शेवटी तिथंच फाटला होता. झटक्यात झाकण उघडलं असतं तर पेट्रोलचा फवारा तोंडावर आला असता.

वास आला, पण तो पेट्रोलचा नव्हता, निदान ओळखीचा नव्हता. वार्निशसारखा, जुन्या लाकडी कपाटाला नवीन पॉलिश केल्यावर येतो तसा. आई दारातून म्हणाली, "हाच वास."

मी चिमटे लावले, नळी टाकीत सोडली, दुसरं टोक कॅनच्या पार तळापर्यंत पोचवलं. वरून धार पडू द्यायची नाही, धार शिंतोडते आणि वीजही वाढवते. फुगा दाबायला घेणार तेवढ्यात मिस्त्रीनं हात वर केला. त्यानं सकाळी येताना कापसाचा एक झुबका दोऱ्याला बांधून लिंबाच्या फांदीला लटकवला होता. वारा कुठून आहे ते कळावं म्हणून. झुबका अगदी सरळ खाली लटकत होता. वारा पडलेला.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहाट थंड असते, पण तेव्हा हवाही थांबलेली असते, आणि पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत उताराकडं सरकते. आमच्या अंगणाचा उतार पश्चिमेला, शेजारच्या काकूंच्या न्हाणीकडं. आणि त्या वेळी काकू आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवत होत्या. फटीतून काड्यांचा धूर दिसला. मी खाली वाकलो तर घोट्याशी वार्निशचा वास उभ्यानं येत होता त्यापेक्षा कितीतरी जास्त होता. आम्ही झाकण लावलं, नळी काढून डब्यात बंद केली, आणि आई धावत काकूंकडं गेली. आदल्या दिवशी त्यांना सांगून ठेवलं होतं, पण आम्ही दुपारचं म्हणालो होतो असं त्यांच्या ध्यानात राहिलं. काकूंनी चुलीतली लाकडं बाहेर न ओढता तिथल्या तिथं राखेनं चूल विझवली. त्या चुलीचं तोंड आमच्याकडं होतं, अंतर चाळीस पावलं. त्यावर मी नंतर रात्रभर विचार करत राहिलो.

सात वाजून गेल्यावर पश्चिमेकडून झुळूक सुरू झाली, झुबका आमच्या वावराकडं झुकला, म्हणजे काकूंच्या घरापासून दूर. मग पुन्हा झाकण, पुन्हा चिमटे. फुगा पाचदा दाबला आणि पारदर्शक नळीत पहिल्यांदा पेट्रोल दिसलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं. मी नळीचं टोक क्षणभर काचेच्या लहान बाटलीत धरून नमुना घेतला आणि बाटली बाजूला ठेवली. मग पेट्रोल कॅनमध्ये वाहू लागलं. त्यानंतर फारसं काही करायचं नव्हतं. बाबा बाजेवर बसून बघत होते. मिस्त्री अग्निशामकापाशी उभा होता, त्यानं सगळा वेळ त्याची पिन आणि झुबका एवढंच पाहिलं. भाऊ रस्त्याच्या बाजूला उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, बिडी विझवा, गाडी तिकडून न्या. एकजण थांबून वाद घालायला लागला, तर बाबाच बाजेवरून म्हणाले, "विझव ना लेका, इथं पेट्रोल काढून रायले."

अर्ध्या तासानं धार तुटली. नळी तळाला पोचत नव्हती. गाडी जॅकवर चढवून खाली शिरायचं कुणाच्याही मनात नव्हतं. गाडीचं एका बाजूचं मागचं चाक लाकडी फळीवर रेटून चढवलं, पेट्रोल झाकणाच्या बाजूला आलं, आणि आणखी लिटरभर निघालं. एकूण अकरा लिटरच्या वर. टाकी भरली तर अठ्ठावीस लिटरची. तळाशी अर्धा लिटर राहिलं असेलच, ते काढायचा हट्ट केला नाही. झाकण घट्ट लावलं, हवेच्या नळीला कापडी बोळा, साबणाच्या जागेवर मिस्त्रीनं आणखी साबण. बॉनेटवर पांढऱ्या खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: टाकी रिकामी, वाफ आहे, कटर लावू नये. केंद्रातल्या माणसाला फोनवरही तेच सांगितलं.

काचेच्या बाटलीत तासाभरानं पाहिलं तर दोन थर झालेले. वर चहाचा रंग, खाली बोटभर धुरकट पाणी आणि त्यात गंजाची तांबूस पूड. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. टाकी तळातूनच का गंजली, हे त्या बाटलीत दिसत होतं. भाऊ म्हणत होता की गाळून मोटरसायकलमध्ये टाकू, काकूंचा मुलगा म्हणाला धुऱ्यावरची धसकटं जाळायला द्या. बाटली दाखवल्यावर भावाचा प्रश्न मिटला. धसकटांचं मी स्पष्ट नाही म्हटलं. पेट्रोल टाकून आग लावणारा माणूस काडी ओढेपर्यंत वाफ त्याच्या पायाशी येऊन थांबलेली असते. आणि ओतून द्यायचं तर कुठं ओतणार? नाल्यात टाकलं तर नाला, जमिनीवर टाकलं तर आज ना उद्या विहीर. दोन्ही कॅन झाकणं घट्ट करून, सावलीत, घरापासून लांब ठेवले आणि तिसऱ्या दिवशी गाडीबरोबर केंद्रात दिले. त्यांच्याकडं वेगळे ड्रम असतात, आधी फोनवर विचारून ठेवलं होतं, म्हणून काही अडचण आली नाही. कार्बोरेटर, फिल्टर, ऑइल यातलं काही मी काढलं नाही, ते त्यांनी काढलं.

कोठ्यातली टाकीखालची माती वीतभर खणून काढली. खालपर्यंत वास होता. ती माती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून तीही गाडीबरोबर दिली. खड्डा महिनाभर उघडा ठेवला. आई रोज सकाळी गाईकडं जाताना तिथं वाकून वास घ्यायची. जूनच्या पहिल्या पावसानंतर एक दिवस ती म्हणाली, आता नाही. मग गाय परत कोठ्यात बांधली.

जुलैत कपाशीवर पहिली फवारणी काढली. मी वावरात जायची तयारी करत होतो, बाबा कोठ्यातून हाक मारत आले. मोटरसायकलच्या टाकीचं झाकण उघडून ठेवलं होतं, फवाऱ्याचा पंप खाली टेकवलेला. म्हणाले, "तो फुग्यावाला पंप कुठी ठेवला बापू? मले सापडून नाई रायला."